छाट कोण ठरवतो?

ज्या घरात कधीकाळी बिडी वळली गेली आहे, त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईला ‘छाट’ म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. वळून दिलेल्या हजार बिड्यांतून खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्या म्हणजे छाट. पान आखूड आहे, तंबाखू कमी भरली आहे, दोरा सैल आहे, यांपैकी एखादे कारण सांगितले जाई, किंवा कोणतेच सांगितले जात नसे. बाजूला गेलेल्या बिडीची मजुरी मिळत नसे, एवढे नक्की.

आज आमच्या गोरेगावातली काही पोरे-पोरी मोबाइलवर वेगळ्याच प्रकारची बिडी वळतात. एका फोटोतल्या गाड्यांभोवती चौकट आखायची, दहा सेकंदांचा आवाज ऐकून तो लिहून काढायचा, पडद्यावरचे वाक्य मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायचे, दोन उत्तरांपैकी कोणते बरे ते सांगायचे. एका कामाचे काही पैसे मिळतात, कधी एखादा रुपया, कधी पाच-दहा रुपये. इंग्रजीत याला मायक्रोटास्क म्हणतात. आपण ‘चिल्लर कामे’ म्हणू. हे शब्द हिणवण्यासाठी वापरत नाही. मोबाइलचा रिचार्ज, परीक्षेची फी, घरातला एखादा गॅस सिलिंडर चिल्लर जमवूनच येतो, हे आपल्या घरांना ठाऊक आहे. या कामांत छाटीला ‘रिजेक्ट’ म्हणतात.

शब्द बदलला आहे, पण व्यवहार तोच आहे. म्हणून मला वाटते की मोबाइलवर काम करणाऱ्या आजच्या पिढीने आपल्याच जिल्ह्यातल्या बिडीचा इतिहास एकदा वाचावा. छाट कोण ठरवतो, या एका प्रश्नाचे उत्तर मिळवायला बिडी कामगारांना अर्धे शतक लागले होते.

धान, तेंदू आणि रेल्वे

गोंदिया हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला जिल्हा. धानाचा प्रदेश. रोवणी आणि कापणी या दोन हंगामांत हाताला काम असते, मधल्या काळात बांधीत काही नसते. भोवताली जंगल आहे आणि जंगलात तेंदू. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी रेल्वे गोंदियावरून गेली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून जबलपूरकडे छोटी लाइनही सुरू झाली. गुजरातेतून, विशेषतः छप्पनच्या दुष्काळानंतर, मध्य प्रांतात आलेल्या पटेल मंडळींनी जबलपूर भागात तेंदूपानाच्या बिडीचा धंदा वाढवला. पुढे गोंदिया, भंडारा, कामठी, नागपूर असा त्याचा विस्तार झाला. या धंद्यातून उभ्या राहिलेल्या पैशाने आपल्या भागात शाळा-कॉलेजेही काढली. बिडी उद्योगातले मनोहरभाई पटेल यांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली. धंद्याची ही बाजूही नोंदवायला हवी.

या धंद्याला गिरणीसारखी भिंत आणि भोंगा लागत नव्हता. मालक आणि मजूर यांच्यामध्ये सट्टेदार असे. तो पान, तंबाखू आणि दोरा देई. बाई ते घरी नेई, पान भिजवी, कापी, रात्री कंदिलाच्या उजेडात सूप मांडीवर घेऊन वळी. मजुरी हजारावर होती. पान भिजवण्याचा, कापण्याचा, सट्टेदाराच्या दारात रांगेत बसण्याचा वेळ हिशेबात धरला जात नसे. पान कमी पडले तर पदरचे पैसे घालून आणावे लागे. उर्दूत मोबदल्याला ‘उजरत’ म्हणतात. कामाच्या नगावर दिलेली उजरत वरवर अगदी न्याय्य दिसते, कारण जितके काम तितका दाम. त्यात एक गोष्ट मात्र लपलेली असते. नग मोजणारा आणि नग नाकारणारा माणूस एकच असतो. छाट निघालेल्या बिड्या बहुतेक वेळा मजुराला परत मिळत नसत. त्या सट्टेदाराकडे राहत आणि विकल्याही जात, ही तक्रार देशभरच्या बिडी कामगारांनी केली आहे.

या तक्रारीवर आपल्या भागात सर्वांत आधी संघटित काम करणाऱ्यांमध्ये कामठीचे बाबू हरदास एल. एन. होते. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करणारे म्हणून आज लोक त्यांना ओळखतात. १९३७ मध्ये ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून आले, आणि जानेवारी १९३९ मध्ये अवघ्या पस्तिशीत गेले. त्यांनी बिडी मजुरांची संघटना बांधली आणि ठेकेदाराच्या हातून सुटका व्हावी म्हणून सहकारी तत्त्वावर बिडी काढण्याचा प्रयोग केला. त्यामागचा विचार साधा होता. मोजणारा आपला असेल तर छाटही आपल्या डोळ्यांसमोर होईल.

कोर्टात गेलेला प्रश्न

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न कोर्टात गेला, आणि यातले काही महत्त्वाचे खटले आपल्याच जुन्या मध्य प्रांतातून गेले. सरकारने १९४८ मध्ये कायदा केला की शेतीच्या हंगामात ठरवून दिलेल्या गावांत कोणीही बिडी वळू नये, म्हणजे शेतीला मजूर मिळतील. सागर जिल्ह्यातून त्याला आव्हान मिळाले आणि नोव्हेंबर १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली. कोर्टाने त्यात एक माणुसकीची गोष्ट ध्यानात घेतली. म्हातारी माणसे, अपंग, शेतात राबू न शकणाऱ्या बाया यांच्या पोटाला ही जोडकमाई आधार देते. घरबसल्या छोटी कमाई करण्याचा हक्क आपल्या घटनेच्या पहिल्या वर्षातच असा मान्य झाला.

मात्र कमाई करण्याचा हक्क मिळाला म्हणजे कामगाराचे हक्क मिळाले असे झाले नाही. १९५८ मध्ये सागरच्याच एका खटल्यात कोर्टाने म्हटले की सट्टेदार हे स्वतंत्र ठेकेदार आहेत, त्यांनी लावलेले मजूर कारखान्याचे कामगार ठरत नाहीत. कारखानदाराने हात झटकले, आणि सट्टेदाराकडे दाद मागण्यासारखे काही नव्हते.

डिसेंबर १९६० मध्ये नागपूरच्या एका बिडी कारखान्यातल्या मजुरांच्या पगारी रजेचा निकाल लागला. मालकाचे म्हणणे असे होते की हे लोक वाटेल तेव्हा येतात, वाटेल तेव्हा जातात, मजुरी नगावर घेतात, मग हे माझे कामगार कसे? न्यायालयाने मजुरांच्या बाजूने कौल दिला. त्यातला एक मुद्दा महत्त्वाचा होता. दर्जा नीट नसलेली बिडी नाकारण्याचा अधिकार मालकाकडे आहे, म्हणजेच कामावर त्याचे नियंत्रण आहे. परंतु पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका बिडी खटल्यात बहुमताने उलटा निर्णय झाला. तिथे मजूर येण्या-जाण्यास मोकळा होता म्हणून तो ‘कामगार’ ठरला नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी त्यावर असहमती नोंदवली.

एकाच सुपातल्या दोन बिड्यांना दोन न्याय मिळाले. शेवटी संसदेने १९६६ मध्ये बिडी आणि सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा केला. त्याने दोन मोठ्या गोष्टी केल्या. घरी बसून बिडी वळणाऱ्या बाईला कायद्याने कामगार मानले आणि ठेकेदाराच्या मागे उभ्या असलेल्या मूळ मालकावर जबाबदारी टाकली. आणि छाटीवरून वाद झाला तर तो सोडवायला सरकारी अधिकारी नेमण्याची तरतूद केली. कायद्याखालच्या नियमांनी छाटीला टक्क्यांची मर्यादाही घातली. सर्वसाधारणपणे शंभरात पाचपेक्षा जास्त बिड्या नाकारता येणार नाहीत, असा तो नियम. इंग्रजीत लिहिलेल्या त्या नियमांत आपला ‘छाट’ हा शब्द जसाच्या तसा आलेला आहे. भाषा शिकवणारा म्हणून मला याचे फार अप्रूप वाटते. ज्या शब्दाने मजूर रडत होते, तोच शब्द कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला.

बिडी मालकांनी या कायद्यालाही आव्हान दिले, पण १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. १९७६ मध्ये बिडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. १९८५ मध्ये न्यायालयाने घरखेप मजुरांनाही भविष्य निर्वाह निधी लागू असल्याचे सांगितले, आणि पुन्हा तोच आधार घेतला. बिडी नाकारण्याचा अधिकार ज्याच्या हातात आहे, त्याच्या हातात नियंत्रण आहे, आणि ज्याच्या हातात नियंत्रण आहे तो मालक आहे.

आमच्यासारख्या शिक्षकांना या लढ्याचे फळ दरवर्षी कागदावर दिसते. बिडी कामगाराचे ओळखपत्र असलेल्या घरातल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरावे लागतात. पहिलीच्या मुलाला वर्षाला १,००० रुपये, तर व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्याला २५,००० रुपयांपर्यंत. रक्कम मोठी नाही, पण ते ओळखपत्र सांगते की ही बाई कामगार आहे. बिडीने फुप्फुसे जातात, वळणाऱ्याचीही आणि ओढणाऱ्याचीही, हे खरेच आहे. हा धंदा वाढावा असे मी म्हणत नाही. धंदा आटत चालला तरी त्यातून मिळालेला न्याय आटू नये, एवढेच म्हणणे आहे.

तुर्काच्या पेटीत बसलेला माणूस

आता मोबाइलकडे येऊ. १७७० मध्ये व्हिएन्नात वोल्फगांग फॉन केंपेलन नावाच्या माणसाने बुद्धिबळ खेळणारे यंत्र बनवले आणि सम्राज्ञी मारिया तेरेसाच्या दरबारात दाखवले. एका मोठ्या पेटीमागे पगडी आणि झगा घातलेला तुर्की बाहुला बसवला होता. तो हाताने सोंगट्या हलवी आणि भल्याभल्यांना हरवी. १८०९ मध्ये नेपोलियनही त्याच्याशी खेळला. रहस्य असे की पेटीत एक जिवंत खेळाडू दाटीवाटीने बसलेला असे. पाहणाऱ्यांना दिसे तो तुर्क. युरोपला त्या काळी चमत्कार दाखवायचा असला की पूर्वेचा पोशाख चढवावा लागे, ही आपल्यासाठी एक वेगळी गंमत. मेहनत मात्र आतल्या माणसाची होती, आणि त्याचे नाव कोणी विचारत नसे.

अमेझॉन कंपनीने २००५ मध्ये चिल्लर कामांचा बाजार सुरू केला, तेव्हा त्याला याच यंत्राचे नाव दिले, मेकॅनिकल टर्क. संगणकाला न जमणारे काम तुकडे करून जगभरच्या माणसांकडून करून घ्यायचे, आणि मागणाऱ्याला वाटावे की संगणकानेच केले. काही वर्षांतच तिथे काम करणाऱ्यांत अमेरिकेखालोखाल भारतीयांची संख्या झाली. २००९-१० च्या सुमाराच्या पाहणीत ती जवळजवळ एक तृतीयांश होती. आज ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात, तिचा पाया याच लोकांनी घातला. संगणकाला चित्र ओळखायला शिकवणारा ‘इमेजनेट’ नावाचा प्रसिद्ध संग्रह आहे. त्यात एक कोटीहून अधिक चित्रे आहेत, आणि त्यांना नावे देण्याचे काम १६७ देशांतल्या जवळपास ५० हजार माणसांनी याच बाजारातून केले.

या बाजाराचा नियम असा की काम देणारा काम मंजूर करेल किंवा नाकारेल. नाकारले तर पैसे नाहीत. पाठवलेले काम मात्र त्याच्याकडे पोहोचलेले असते. शिवाय प्रत्येक नकार खात्यावर डाग म्हणून राहतो. ज्याचे शंभरातले पंच्याण्णव काम मंजूर झाले आहे, त्यालाच हे काम, अशा अटी सर्रास असतात. म्हणजे छाट एकदाच नुकसान करत नाही, उद्याचे कामही हिरावते. बिडीचा सट्टेदार निदान दारात भेटे, त्याच्याशी भांडता येई. इथे भांडायला समोर माणूसच नसतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ मध्ये अशा पाच बाजारांवरच्या ७५ देशांतल्या ३,५०० कामगारांची पाहणी प्रसिद्ध केली. काम शोधणे, चाचणी देणे, सूचना वाचणे हा बिनपगारी वेळ धरला तर निम्म्या लोकांची कमाई तासाला २.१६ डॉलरपेक्षा कमी होती. एक तास पैसे मिळणारे काम केले की सरासरी वीस मिनिटे फुकट जात. दहापैकी जवळजवळ नऊ जणांचे काम कधी ना कधी नाकारले गेले होते किंवा पैसे अडले होते. बाईने पान कापण्यात घालवलेला वेळ आणि ही वीस मिनिटे यांत मला काहीच फरक दिसत नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी डी.एड. झाल्यावर घरी बसून फोटोंवर चौकटी आखण्याचे काम करत होती. सलग तीन दिवसांचे काम एका सकाळी नामंजूर झाले. कारणाच्या जागी इंग्रजीत दोनच शब्द होते, ‘लो क्वालिटी’. तिने मला विचारले, “सर, कुठे चुकलं हे तरी कळायला हवं ना?” मी तिचे काम पाहिले, मला चूक सापडली नाही. पण मला सापडून उपयोग काय? तिने अर्ज करायचा कोणाकडे, हे आम्हा दोघांनाही शोधून मिळाले नाही. घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मजुरी द्यायचीच नसेल तर कारण तरी सांगावे, ही त्याहून लहान अपेक्षा आहे.

वेगळ्या वाटा

कामगारांनी इथेही हात बांधून बसणे पसंत केले नाही. लिली इराणी आणि सिक्स सिल्बरमन या दोन संशोधकांनी २००८-०९ च्या सुमारास ‘टर्कॉप्टिकॉन’ नावाची सोय तयार केली. तिच्यात काम करणारेच काम देणाऱ्यांना गुण देतात, म्हणजे कोण वेळेवर पैसे देतो आणि कोण विनाकारण छाट काढतो, हे नव्याला आधीच कळते.

दुसरी वाट आपल्या मराठीशी जोडलेली आहे. मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन केंद्रात ‘कार्य’ नावाचा प्रकल्प सुरू झाला, पुढे तो स्वतंत्र बिनानफा संस्था झाला. त्यांनी २०२० मध्ये मांडलेल्या अभ्यासात ३६ जणांकडून सुमारे १०९ तासांचे मराठी बोलणे नोंदवले होते. त्यांत ग्रामीण आणि शहरी भागांतले कमी उत्पन्नाचे लोक होते आणि विद्यापीठातले विद्यार्थीही. गरिबांनी केलेले काम विद्यार्थ्यांच्या कामाच्या तोडीचे निघाले. या संस्थेने पुढे तासाला सुमारे ५ डॉलर मोबदला ठेवला. याचा अर्थ असा की चिल्लर कामाचा दर कमी असणे हा निसर्गनियम नाही, तो कोणीतरी घेतलेला निर्णय असतो. आणि आपली बोली ही विकत घेण्याजोगी वस्तू झाली आहे. आपल्या झाडीपट्टीतली मराठी, घराघरांतली दखनी-वऱ्हाडी उर्दू ही संगणकाला अजून नीट येत नाही. ती ज्यांना येते, त्यांनी ती कवडीमोलाने देऊ नये.

कायदा मात्र अजून मागे आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने पहिल्यांदाच ‘गिग कामगार’ आणि ‘प्लॅटफॉर्म कामगार’ हे शब्द कायद्यात आणले. चारही श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या कामगारांच्या सुरक्षेसाठी द्यावी, अशी त्यात तरतूद आहे. पण या चर्चेत समोर येतात ते डिलिव्हरीवाले आणि टॅक्सीवाले, कारण ते रस्त्यावर दिसतात. घरात मोबाइल घेऊन बसलेली मुलगी दिसत नाही, जशी सूप घेऊन बसलेली बाई दिसत नव्हती. काम देणारा तर सात समुद्रापार असतो. आणि याच संहितांनी बिडी कामगारांचा १९६६ चा कायदाही स्वतःत सामावून घेतला आहे. छाटीवर मर्यादा घालणारे ते जुने शहाणपण नव्या नियमांतून गळून पडू नये, याकडे कामगार संघटनांनी लक्ष ठेवायला हवे. जमल्यास तोच नियम मोबाइलवरच्या कामालाही मागायला हवा.

तोपर्यंत हे काम करणाऱ्या मुला-मुलींना मी काही गोष्टी सांगतो. काम देण्यासाठी जो आधी पैसे मागतो, मग त्याला नोंदणी म्हणो वा डिपॉझिट, तो काम देणारा नव्हे. सट्टेदार कितीही वाईट असला तरी पान घरून आणायला सांगून वर फी घेत नव्हता. व्हिडिओला लाइक करा आणि पैसे मिळवा, असे सांगून आधी शंभर रुपये देणारे आणि नंतर हजारो उकळणारे पुष्कळ आहेत. फसलात तर लाजू नका, ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी थोडेच काम करा, पैसे हातात पडल्यावर पुढचे घ्या. एक वही ठेवा. तिच्यात तारीख, काम, लागलेला पूर्ण वेळ, मंजूर किती, नाकारले किती, दिलेले कारण, हे सगळे लिहा. महिन्याच्या शेवटी एकूण पैशाला एकूण तासांनी भागा. येणारा आकडा रोवणीच्या मजुरीपेक्षा कमी असेल, तर घरात बसून आहोत म्हणून तो जास्त समजू नका.

ती वही एकट्याची ठेवू नका. मोहल्ल्यात चार जणी हे काम करत असतील तर चौघींनी आपापल्या वह्या आठवड्यातून एकदा समोरासमोर ठेवाव्यात. एकाच ठिकाणी चौघींची छाट निघते आहे, हे तेव्हाच दिसेल. बिडीच्या मजुरांना सट्टेदाराच्या दारात रांगेत बसावे लागे आणि तिथेच त्यांना एकमेकींचे आकडे कळत. या पिढीला ती रांग स्वतःच लावून घ्यावी लागेल.